सप्तकाला एक व्होल्ट : छंदिष्टांच्या ध्वनिपरिपथांचा मराठी पूर्वेतिहास

यवतमाळच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर, वाघाडी नदीच्या काठी वसलेले घाटंजी हे तालुक्याचे गाव प्रामुख्याने कापसाची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते, आणि त्याच्या भोवतालच्या मुलखात मराठीबरोबर बंजारा, गोंडी व कोलामी या भाषाही बोलल्या जातात. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या प्रचलित इतिहासात अशा गावाला स्थान मिळत नाही, कारण तो इतिहास न्यूयॉर्क, लंडन, टोकियो आणि भारतापुरता मुंबई, अहमदाबाद व बंगळूर या शहरांभोवतीच फिरत राहतो. तथापि सिंथेसायझरचे साधे परिपथ, म्हणजेच सर्किटे, छंद म्हणून हाताने जुळवण्याची विद्या महाराष्ट्रात कोणत्या वाटेने आली याचा शोध घेऊ लागल्यास असे दिसते की ती आपल्या स्वतःच्या नावाने क्वचितच आली. ती कधी सिनेमातील बीन म्हणून, कधी भजनातील पेटीची सोबतीण म्हणून, कधी इलेक्ट्रॉनिक तानपुरा म्हणून, तर कधी दारावरची सुरेल घंटा म्हणून आली, आणि या सर्व रूपांत तिचे श्रोते व दुरुस्ती करणारे हात घाटंजीसारख्या गावांतच मोठ्या संख्येने होते.

सिंथेसायझर या शब्दाचा नेमका अर्थ येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. तार, कातडे किंवा हवेचा स्तंभ यांच्या कंपनातून नव्हे, तर विजेच्या प्रवाहातील आंदोलनातून स्वर निर्माण करणारे, आणि त्या स्वराची उंची, पोत व कालावधी वादकाला स्वतंत्रपणे घडवू देणारे वाद्य म्हणजे सिंथेसायझर होय. त्यातील आंदोलन निर्माण करणाऱ्या भागास दोलक म्हणतात. दोलकातून निघालेल्या लहरीतील काही उपस्वर दाबून तिचा पोत बदलणारा भाग म्हणजे गाळणी, अर्थात फिल्टर. आणि स्वर किती झटक्याने उठावा व किती सावकाश विरावा हे ठरवणारा भाग म्हणजे आवरणपरिपथ. नवशिक्या छंदिष्टाची सुरुवात नेहमी दोलकापासून होते, कारण केवळ एक दोलक, एक बॅटरी आणि एक लहान स्पीकर एवढ्यावरही स्वर ऐकू येतो, आणि बाकीच्या साऱ्या अभ्यासाची ओढ त्या पहिल्या स्वरातून लागते.

परंतु स्वर ऐकू येणे आणि तो सुरात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि महाराष्ट्रात या फरकाची जाण इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधी पेटीने करून दिली होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता चालवण्याची पेटी प्रचारात आणल्यावर मराठी रंगभूमीने तिला आणि पायपेटीला आपलेसे केले, व पुढे ती गावोगावच्या भजनी मंडळांत पोहोचली. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी ही परंपरा खेड्याखेड्यांत रुजवली. गाणाऱ्याचा षड्ज ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’ किंवा ‘काळी चार’ अशा पट्टीच्या नावांनी सांगण्याची रीत या पेटीनेच दिली, आणि स्वराच्या उंचीला एक ठरलेले, मोजता येण्याजोगे घर असते ही कल्पना सामान्य भजनकऱ्याच्या बोलीत उतरली. याच पेटीचे स्वर अचल असल्याने त्यांतून मींड निघत नाही आणि रागातील सूक्ष्म स्वर बिघडतात, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या केंद्रांवर बंदी घातली होती. ज्या वाद्यावर गावची भजने उभी होती, त्याचाच सूर नभोवाणीने नाकारावा, या विरोधाभासात, वाद्यात ठरवून बसवलेला स्वर खरोखर सुरात असतो का, हा पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्यांपुढे उभा राहणारा मूळ प्रश्न आधीच दडलेला होता.

हा प्रश्न मोजमापाच्या भाषेत प्रथम मांडणाऱ्यांमध्ये सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. देवल हे पेशाने शास्त्रज्ञ नव्हते, वादक म्हणूनही प्रसिद्ध नव्हते. ते खऱ्या अर्थाने छंदिष्ट होते. तार ताणून तिची लांबी बदलत स्वरांचे गुणोत्तर मोजण्याच्या साधनाने त्यांनी गायकांचे स्वर तपासले, बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांची, आंदोलनसंख्या ठरवण्याचा यत्न केला आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना साथ मिळाली ती सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याची, तसेच पुढे मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाची. या प्रयत्नांतून बावीस श्रुती वाजवू शकेल अशी श्रुतिपेटी तयार करवून घेण्यात आली आणि १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे ठेवण्यात आली; तेथे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यासह अनेकांनी तिला विरोध केला. देवलांचे निष्कर्ष मान्य झाले की नाही यापेक्षा येथे महत्त्वाचे आहे ते त्यांच्या कामाचे स्वरूप: गायकाचा गळा ऐकायचा, त्याचा आकडा काढायचा, आणि त्या आकड्यावरून वाद्य बांधायचे. पुढील काळात रोध, म्हणजे रेझिस्टर, आणि धारित्र, म्हणजे कपॅसिटर, हाताळत सूर शोधणारा प्रत्येक छंदिष्ट नकळत याच क्रमाने चालत आला आहे.

विजेने निर्माण केलेला स्वर मराठी मुलखात सर्वदूर पोहोचला तो १९५४ साली, ‘नागिन’ या हिंदी चित्रपटातून. हेमंतकुमार यांच्या संगीतातील प्रसिद्ध बीन ही गारुड्याची पुंगी नव्हती. ती कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन या वाद्यावर वाजवली होती व तिला पेटीवर रवी यांची साथ होती. क्लॅव्हिओलिन हे काँस्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार केलेले, व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळीतील विद्युत्‌घटकावर चालणारे, एका वेळी एकच स्वर काढणारे छोटे वाद्य होते. त्या स्वराची मोहिनी एवढी होती की वरातीच्या बँडने तो क्लॅरिनेटवर उचलला, आणि विदर्भातील लग्नांत नागिणीच्या सुरावर नाचण्याची प्रथा आजतागायत टिकून आहे. म्हणजे ज्या गावात सिंथेसायझर हा शब्द कोणी ऐकला नव्हता, तेथेही त्याचा आवाज लग्नाच्या वरातीत घुमत होता. मूळ लोकवाद्याची नक्कल यंत्राने केली आणि यंत्राची नक्कल पुन्हा गावच्या वाजंत्र्यांनी केली, या प्रवासाची भारतीय संगीताच्या इतिहासात फारशी दखल घेतली गेलेली नाही. ती घेतली जावी, असे प्रस्तुत लेखात आग्रहाने नमूद करावेसे वाटते.

आवाज असा पोहोचला, पण तो निर्माण करण्याची युक्ती पोहोचली ती रेडिओच्या दुकानांतून. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९६० च्या दशकात देशातच ट्रान्झिस्टर बनवण्यास प्रारंभ केल्यावर बॅटरीवर चालणारा रेडिओ शेतमजुराच्या खांद्यावरही दिसू लागला. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर, ज्याला सर्वत्र ‘रेडिओ मेकॅनिक’ म्हटले जाई, तो तालुक्याच्या गावातील इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला जाणकार होता. त्याच्या हातात असलेल्या प्रत्येक सुपरहेट रेडिओमध्ये एक दोलक दडलेला असे: जे केंद्र ऐकायचे त्याच्या कंप्रतेपेक्षा, म्हणजे आंदोलनसंख्येपेक्षा, ४५५ किलोहर्ट्‌झने वरच्या कंप्रतेवर तो आंदोलत राही आणि दोहोंच्या फरकातून ठरावीक मधली कंप्रता मिळे. हा दोलक कानाला ऐकू येत नाही. परंतु दोन रेडिओ जवळ ठेवून एकाची सुई योग्य जागी फिरवली की दुसऱ्यातून शिट्टी उमटते, आणि सुई किंचित हलवली की शिट्टीचा सूर चढतो वा उतरतो. रशियन अभियंता लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास हाताने स्पर्शही न करता वाजवता येणारे जे वाद्य निर्माण केले, ते नेमके याच तत्त्वावर, म्हणजे दोन अश्राव्य आंदोलनांच्या श्राव्य फरकावर, आधारलेले आहे. मेकॅनिकच्या दृष्टीने ती शिट्टी हा दोष होता व तो काढून टाकणे हे त्याचे काम होते. तथापि वाद्याचे बीज त्या दोषातच होते.

थेरेमिनचा हा धागा अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी पकडला. त्यांचाही प्रारंभ छंदातूनच झाला: १९५४ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी एका रेडिओविषयक मासिकात थेरेमिन कसे जुळवावे यावर लेख लिहिला, आणि पुढे सुट्या भागांचे संच विकून शिक्षणाला हातभार लावला. १९६४ मध्ये त्यांनी जो सिंथेसायझर आकारास आणला त्यातील सर्वांत दूरगामी कल्पना म्हणजे व्होल्टनियंत्रण. दोलकाचा स्वर बटण फिरवून नव्हे, तर त्याला बाहेरून दिलेल्या विद्युत्‌दाबाने बदलायचा, आणि दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जायचा, असा हा संकेत आहे. सप्तक म्हणजे आंदोलनसंख्येची दुप्पट. म्हणून दाबात समान अंतराने बेरीज होत असता आंदोलनात समान पटीने गुणाकार व्हावा लागतो. बेरजेचे गुणाकारात रूपांतर करण्याचे हे काम ट्रान्झिस्टर आपल्या अंगभूत गुणधर्माने करतो, आणि म्हणूनच ‘सप्तकाला एक व्होल्ट’ हा संकेत जगभरच्या छंदिष्टांची सामाईक भाषा होऊन बसला.

भारतात मूगचे हे यंत्र लवकर आले, मात्र ते बंद दारांआड राहिले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन वादक डेव्हिड ट्यूडर यांच्या देखरेखीखाली मूग सिंथेसायझरसह ध्वनिप्रयोगशाळा उभी राहिली. त्यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती आणि तेथे केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या फिती पुढे अनेक दशके अज्ञात राहून अलीकडेच प्रकाशात आल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मूग आणला, आणि चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली, जिची महती परदेशी श्रोत्यांना तब्बल पाव शतकानंतर उमगली. हे सारे कार्य मोलाचे आहे. परंतु त्यातील यंत्रे आयात केलेली, महागडी आणि उघडून पाहण्याची सोय नसलेली होती. तालुक्याच्या गावातील जिज्ञासू मुलाला त्यांचा उपयोग ऐकण्यापुरताच होता.

त्या मुलासाठी खरे दार उघडले ते मासिकांनी आणि सुट्या भागांच्या बाजारांनी. दिल्लीहून १९६९ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सुरू झाले, आणि मूळच्या डच ‘एलेक्टर’ मासिकाची भारतीय आवृत्ती १९८३ पासून मुंबईहून निघू लागली. याच एलेक्टरने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फॉर्मंट’ या नावाने संपूर्ण सिंथेसायझर घरी बांधण्याची लेखमाला चालवली होती. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत आणि विदर्भासाठी नागपूरच्या सीताबर्डीत मिळत. घाटंजीहून नागपूरला जाणे हा दिवसभराचा प्रवास असल्याने यादी करून, एकदाच जाऊन, पुढच्या कित्येक महिन्यांचे रोध व धारित्र आणणे हीच रीत व्यवहार्य होती, आणि एखादा भाग कमी पडला तर जुन्या रेडिओच्या पाटीवरून तो उकलून काढावा लागे. मासिके इंग्रजीत असली तरी त्यांतील परिपथाची आकृती इंग्रजीवर अवलंबून नव्हती: वाकडीतिकडी रेघ म्हणजे रोध, दोन समांतर रेघा म्हणजे धारित्र, वर्तुळातील बाण म्हणजे ट्रान्झिस्टर, ही चिन्हलिपी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यालाही वाचता येत असे. रोधावरील रंगीत पट्ट्यांची मूल्ये पाठ करणे हा या लिपीचा श्रीगणेशा होता. सोल्डरिंगला जुन्या कारागिरांकडे ‘डाख देणे’ असा शब्द होताच. तांबटाची आणि सोनाराची ती क्रिया आता कथील-शिशाच्या तारेने आणि विजेच्या सोल्डरिंग आयर्नने होऊ लागली, इतकाच फरक.

नवशिक्याच्या शिक्षणाचा कणा ठरलेला घटक म्हणजे ५५५ क्रमांकाचा टायमर आयसी, म्हणजे एकात्मिक परिपथ. हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केलेला हा आठ पायांचा घटक १९७२ मध्ये बाजारात आला आणि आजही काही रुपयांत मिळतो. त्याचे कार्य असे चालते की बाहेर जोडलेला धारित्र रोधातून भरत जातो. त्यावरील दाब बॅटरीच्या दोन-तृतीयांशावर पोहोचला की आतील खटका पडून धारित्र रिता होऊ लागतो, आणि दाब एक-तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरू लागतो. ही भरती-ओहोटी सेकंदाला जितक्या वेळा घडते तितकी त्या स्वराची आंदोलनसंख्या. सीमा बॅटरीच्या प्रमाणात ठरत असल्याने बॅटरी उतरली तरी स्वर फारसा उतरत नाही, आणि भारनियमनाने ग्रासलेल्या ग्रामीण भागात बॅटरीवरच सारे प्रयोग करणाऱ्यांना या गुणाचे मोल विशेष वाटले असल्यास नवल नाही.

आंदोलनसंख्येचे सूत्र साधे आहे: पहिल्या रोधात दुसऱ्या रोधाची दुप्पट मिळवून त्या बेरजेला धारित्राच्या मूल्याने गुणायचे, आणि १.४४ ला त्या गुणाकाराने भागायचे. पहिला रोध १ किलोओहम, दुसरा २७ किलोओहम आणि धारित्र ०.१ मायक्रोफॅरड घेतल्यास उत्तर येते सेकंदाला सुमारे २६१.८ आंदोलने, आणि पेटीवरील मध्य सप्तकाच्या ‘पांढरी एक’ची आंदोलनसंख्या आहे २६१.६. बाजारात सहज मिळणाऱ्या तीन भागांतून पेटीशी जुळणारा षड्ज हाती यावा, हा योगायोग खरोखर सुखद आहे. पंचमासाठी मात्र तसे घडत नाही. पंचम हा षड्जाच्या दीडपट, म्हणजे ३९२.७ आंदोलनांचा हवा. त्यासाठी दुसरा रोध सुमारे १७.८ किलोओहमचा लागतो, आणि बाजारात मिळतो तो १८ किलोओहमचा, ज्यातून ३८९.२ आंदोलने निघतात. हा पंचम उतरलेला असतो. किती, तर सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग, ज्यांना सेंट म्हणतात, कल्पिल्यास सुमारे १५ सेंटने. आणि ज्या प्रमाणश्रुतीवर, म्हणजे बावीस श्रुतींतील सर्वांत लहान अंतरावर, देवलांच्या पिढीने एवढा खल केला तिचे मान सुमारे साडेएकवीस सेंट आहे. म्हणजे रोधाच्या मूल्यातील जेमतेम एक टक्क्याच्या फरकाने पंचम जवळजवळ पाऊण प्रमाणश्रुती खाली येतो.

येथे छंदिष्टाला घटकांच्या अचूकतेचा धडा मिळतो, आणि तो कोणत्याही पुस्तकापेक्षा कानाने अधिक पक्का होतो. सामान्य रोधाच्या टोकावरील सोनेरी पट्टी पाच टक्क्यांपर्यंतची चूक मान्य करते. आंदोलनसंख्येत पाच टक्क्यांचा फरक म्हणजे सुमारे ८४ सेंट, जवळजवळ कोमल आणि शुद्ध स्वरातील अंतर. दिवा लावणाऱ्या परिपथात ही चूक कोणाच्या ध्यानीही येत नाही, परंतु स्वर काढणाऱ्या परिपथात ती असह्य होते. म्हणून १८ किलोओहमच्या जागी १५ किलोओहमचा रोध आणि त्याच्या जोडीला ५ किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवून बदलता येणारा रोध, बसवला जातो, आणि षड्जाबरोबर पंचम वाजवीत दोहोंच्या उपस्वरांमधील थरथर मंदावून थांबेपर्यंत तो फिरवला जातो. तानपुरा जुळवणारा खुंटी व मणी हलवताना जे ऐकतो, तेच येथे ऐकायचे असते. भजनात वाढलेल्या कानाला हे वेगळे शिकवावे लागत नाही, आणि या एका बाबतीत भजनी मंडळात बसलेला मुलगा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापेक्षा पुढे असू शकतो.

याच टप्प्यावर भारतीय इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा स्वतःचा इतिहास सुरू होतो. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला व पुढे रॅडेल या नावाने तो घरोघरी पोहोचवला. महाराष्ट्रात तानपुऱ्याचे घर म्हणजे मिरज. तेथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा सुरू केली, आणि मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्याचा तानपुरा प्रवासात फुटतो, हवामानाने उतरतो, आणि खेड्यातील गायकाला तो परवडत नाही. या उणिवा यंत्राने भरून काढल्या. मात्र घोडीवरच्या दोऱ्याने उघडणारी जवारी, म्हणजे तारेचा प्रत्येक उपस्वर क्रमाने फुलवणारा तो झंकार, यंत्राला सहजी साधत नाही, हेही तितकेच खरे आहे.

छंदिष्टाच्या दृष्टीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा हा सिंथेसायझरचे सारे अवयव एकत्र शिकवणारा उत्तम पाठ आहे. चार तारांच्या जागी स्वतंत्र दोलक, आणि त्यांना ओळीने छेडण्यासाठी ४०१७ क्रमांकाचा गणकआयसी: या आयसीला दहा निर्गम, म्हणजे आउटपुट, असतात व प्रत्येक ठोक्याबरोबर एकामागून एक निर्गम जागा होतो. पहिल्या ठोक्याला मंद्र पंचम, तिसऱ्याला व पाचव्याला जोडीचे षड्ज, सातव्याला खर्ज, आणि उरलेले ठोके निःशब्द ठेवले की तानपुऱ्याची लय सिद्ध होते. प्रत्येक निर्गम एका डायोडमधून, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकातून, १० मायक्रोफॅरडचा धारित्र झटकन भरतो, आणि तो धारित्र १०० किलोओहमच्या रोधातून सुमारे सेकंदभरात सावकाश रिता होत जातो. स्वराची तीव्रता त्या धारित्राच्या दाबावर सोपवली की तार छेडल्यासारखा आघात आणि विरत जाणारा नाद मिळतो. ज्याला पाश्चात्त्य ग्रंथांत स्वराचे आवरण म्हणतात ते समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकाला देता येणार नाही.

४०१७ आणि ५५५ यांची जोडी मात्र महाराष्ट्रातील गावांना तानपुऱ्यामुळे नव्हे, तर उत्सवांमुळे परिचित झाली. गणपतीपुढची व यवतमाळ जिल्ह्यात विशेष थाटाने साजऱ्या होणाऱ्या दुर्गोत्सवातील पळती रोषणाई, जिला ‘रनिंग लाइट’ म्हणतात, ती याच दोन घटकांवर चालते. एका ५५५ ने ठोके द्यायचे आणि ४०१७ ने दिवे क्रमाने पेटवायचे, हा परिपथ तांब्याचा मुलामा दिलेल्या पाटीवर रंगाने रेघा काढून, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उरलेले तांबे विरघळवून घरीच बनवता येतो. दिव्यांच्या जागी वेगवेगळ्या मूल्यांचे प्रीसेट जोडून त्यांनी दुसऱ्या ५५५ चा स्वर बदलवला, की तीच रोषणाई सुरावट होते. सिंथेसायझरच्या परिभाषेत हा सीक्वेन्सर होय. मंडपाच्या मागे बसून दिव्यांची तार जोडणाऱ्याच्या हातात वाद्याचा निम्मा भाग आधीच तयार असतो, ही गोष्ट या विद्येच्या प्रसाराच्या दृष्टीने निर्णायक मानली पाहिजे. त्याच दुकानांत यूएम ६६ हा तीन पायांचा, दिसायला हुबेहूब ट्रान्झिस्टरसारखा घटक मिळे, ज्याच्या पोटात एक आख्खी धून साठवलेली असे. दारावरच्या घंटा आणि शुभेच्छापत्रे त्यावर वाजत. मात्र त्यात बदलण्याजोगे काहीच नसल्याने तो आनंद देई, ज्ञान देत नसे.

१९८० नंतर जपानी कळपट्टीची वाद्ये आली आणि ‘कॅसिओ’ हे कंपनीचे नाव सामान्यनाम होऊन गेले. नागपूर परिसरातील धुमाल पथकांनी कॅसिओ, बँजो आणि पॅड यांचा मेळ घालून मिरवणुकीचा एक नवा, दणदणीत बाज घडवला. या वाद्यांतील स्वर आधीच तयार असल्याने परिपथ बांधण्याची गरज मागे पडली. परंतु त्यांच्या दुरुस्तीने, विशेषतः झिजलेल्या कळा आणि जळालेले ध्वनिवर्धक बदलण्याच्या कामाने, गावच्या कारागिराचे इलेक्ट्रॉनिक्स जिवंत ठेवले. हाताने करून शिकण्याच्या पद्धतीला शिक्षणात स्थान मिळवून देण्याचे मोठे काम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने केले, आणि २०१६ पासून शाळांत सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे ब्रेडबोर्ड, म्हणजे डाख न देता भाग खोचून परिपथ जुळवण्याची छिद्रांची पाटी, अनेक विद्यार्थ्यांच्या हाती आली. आता लहानशा सूक्ष्मनियंत्रकात, म्हणजे मायक्रोकंट्रोलरमध्ये, आज्ञावली लिहूनही स्वर काढता येतो. तरीही सुटे भाग जुळवून स्वर काढण्याचे शिक्षण त्याने कालबाह्य ठरत नाही, कारण आज्ञावलीत पंचम ३९२.७ असा आकड्याने लिहिला जातो, तर रोध-धारित्रांत तो ऐकून मिळवावा लागतो.

यानंतरची पायरी म्हणजे व्होल्टनियंत्रित दोलक, आणि तेथे घाटंजीचे हवामान स्वतःच परीक्षक होते. बेरजेचा गुणाकार करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये अवघ्या १८ मिलिव्होल्टच्या फरकाने प्रवाह दुप्पट होतो, म्हणजे स्वर एक सप्तक चढतो. आणि त्याच ट्रान्झिस्टरचा दाब तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने सरकतो. हिवाळ्यातील पहाटेच्या १२ अंशांपासून मे महिन्यातील दुपारच्या ४५ अंशांपर्यंतचा पल्ला ३३ अंशांचा. त्यात दाब सुमारे ६६ मिलिव्होल्टने हलतो, आणि एकट्या ट्रान्झिस्टरवर विसंबलेला दोलक साडेतीन सप्तकांहून अधिक भरकटतो. युरोपातील थंड खोलीत लिहिलेल्या लेखात हा दोष किरकोळ वाटतो, वऱ्हाडच्या पत्र्याच्या छताखाली तो वाद्य निरुपयोगी करून टाकतो. त्यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे: एकसारख्या गुणांचे दोन ट्रान्झिस्टर मल्टिमीटरने मोजून निवडायचे, एकाची सरक दुसऱ्याच्या सरकीने खोडली जाईल असे उलट जोडायचे, आणि दोघांना सदैव एकाच तापमानात राहता यावे म्हणून त्यांच्या चपट्या बाजू एकमेकींना चिकटवून वरून दोरा गुंडाळायचा. स्वरांच्या अंतरात उरणारी चूक, अंशाला एक-तृतीयांश टक्का इतकी, तापमानाबरोबर वाढणाऱ्या खास रोधाने भरून काढता येते. तो न मिळाल्यास वादकाने दर प्रहरी प्रीसेट फिरवून, पेटीच्या पांढरी एकशी दोलकाचा षड्ज पुन्हा मिळवून घ्यायचा असतो.